हुजुरांसाठी कोण प्रार्थना करणार?

‘या राज्यात आजवर एकाही माणसाने मत टाकलेले नाही!!!’

हे वाक्य माझं. पत्रकात सगळ्यात वर होतं. जालन्याच्या ज्या खोलीत आमचं सायक्लोस्टाईलचं यंत्र लपवलेलं होतं, तिथल्या मित्रांनी त्यातली दोन उद्गारचिन्हं खोडली. शाई महाग आहे म्हणे. मी भांडलो. मोगलाईतल्या, म्हणजे हैदराबादच्या हुजुरांच्या राज्यातल्या, अन्यायावर लिहायचं आणि एका उद्गारचिन्हावर भागवायचं?

पत्रकं गावाकडे न्यायचं काम माझ्याकडे असे. जालन्याच्या बाजारात केरसुण्या विकायच्या, उरलेल्यांच्या गठुड्यात पत्रकं खुपसायची आणि चालू लागायचं. आमच्या जातीच्या माणसाच्या डोक्यावरचं गठुडं नाक्यावर कुणी हात लावून उघडत नसे. अस्पृश्यतेपासून देशाला झालेला हा एकमेव फायदा. तो मी मनसोक्त घेतला.

आईबाप मला आठवत नाहीत. मामा-मामींनी वाढवलं आणि मिशनच्या शाळेत शिकायला जालन्याला ठेवलं. वाटूरच्या अलीकडे आमचं गाव. त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा मामी ओट्यावर शिंदीची पानं भिजवून बसली होती. मी पत्रक काढलं आणि पहिलं वाक्य तिला सभेत वाचावं तसं वाचून दाखवलं.

“खोटं हाये,” मामी म्हणाली.

“काय खोटं?”

“म्या टाकलंय की मत. तुझ्या मामाला. येकदा न्हाई, कितीकदा. मधी येकदा न्हाई टाकलं, तव्हा आमचं भांडण चालू व्हतं.”

मी पत्रक खाली ठेवलं. कारण बाई बरोबर बोलत होती.

आमची मंडळी म्हणजे गावाबाहेरची ख्रिस्ती वस्ती. आमच्या आज्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाव त्यानंतरही त्यांना मांगच म्हणत राहिलं आणि दोर त्यांच्याकडूनच वळून घेत राहिलं. प्रार्थनेचं घर मातीचं, वर पत्रे. जालन्याहून पाळक, म्हणजे धर्मगुरू, महिन्यातून एकदा सायकल हाणत येत. बाकीचा सगळा कारभार ‘वडील’ बघे. वडील म्हणजे कुणाचा बाप नव्हे, मंडळीनं निवडून दिलेला माणूस. त्यानं उपासना चालवायची, भांडणं मिटवायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, आणि तहसिलीतून बोलावणं आलं की सगळ्यांतर्फे एकट्यानं जाऊन उभं राहायचं. दर तीन वर्षांनी निवड होई. उमेदवार भिंतीकडे तोंड करून उभे राहत. प्रत्येकाच्या पाठीमागे एक पितळी तांब्या. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक मोठा माणूस, बाई असो की बाप्या, येऊन ज्वारीचा एक दाणा हव्या त्या तांब्यात टाकी. तोंड भिंतीकडे अशासाठी, की कुणी कुणाला दिला हे उमेदवाराला दिसू नये आणि मागून डूख धरता येऊ नये.

मोठमोठ्या जमीनदारांना, वकिलांना, देशमुखांना जे मिळालं नव्हतं ते आमच्या वस्तीत पडवळाच्या वेलासारखं कधीचं लोंबत होतं. हुजुरांच्या राज्यात कुणाला मत होतं? आमच्या मामीला!

आणि या मतावर कोण निवडून येत होतं? माझा मामा. निवडून येऊन तो काय करत होता? तर दर रविवारी हुजुरांसाठी प्रार्थना!

हे माझ्या डोक्यात जायचं. मामाची प्रार्थना हैदराबादेपासून सुरू व्हायची आणि पायरी पायरीनं खाली उतरत आमच्या वेशीपर्यंत यायची. “प्रभू, आमच्या हुजुरांना शहाणपण दे. तालुकदार साहेबांना दे. तहसीलदारांना दे. जमादारांना दे. पाटलाला दे.” पाटलाच्या वेळी तो जरा थांबायचा आणि म्हणायचा, “पाटलाला थोडं ज्यास्त दे.” लोक डोळे मिटून हसायचे.

दाराशी पोलिसांचा एक जवान बसलेला असे. त्या काळी चार माणसं जमवायची तर सरकारची इजाजत लागे. प्रार्थनेला लागत नसे, पण प्रार्थनेत प्रार्थनाच होते ना, हे बघायला जवान येई. वाटूरचाच मुसलमान पोरगा, माझ्याच वयाचा. हुजुरांचं नाव झालं की तो “आमीन” म्हणायचा, विडी पेटवायचा आणि वर कळवायचा की सब ठीक आहे.

“मामा, जे आपल्याकडून फुकट बेगार घेतात त्यांच्यासाठी प्रार्थना?” मी विचारायचो.

“अरे, शहाणपण मागतो त्यायच्यासाठी. ज्याच्यापाशी हाये त्याच्यासाठी कुणी मागंल का?”

“पण हे हुजुरांना कुठे कळतं?”

“देवाला कळतंय ना. तुला बी कळू राह्यलं. मंग अजून कुणाला कळाया पायजे?”

असला माणूस. याच्याशी भांडायचं म्हणजे भिजल्या सुंभाशी कुस्ती.

इकडे जालन्यातले मित्र मला टोमणे मारत. त्यांच्यातला म्होरक्या एका वकिलाचा मुलगा होता, बोलायला तिखट, माझा खरा दोस्त. तो म्हणाला, “तुमच्या ख्रिस्ती लोकांचं बरं आहे बुवा. इकडे साहेबाचा देव, तिकडे हुजुरांची दुवा. स्वराज्य आलं की सांगा, तेव्हा तिसरी प्रार्थना देऊ तुम्हाला.”

मी पेटलो. म्हणालो, “येत्या निवडीला मी उभा राहतो. निवडून आलो की आमच्या प्रार्थनाघरात हुजुरांचं नाव बंद. शब्द देतो!”

“शब्द?”

“शब्द.”

त्यानं सगळ्यांच्या देखत माझ्या हातावर टाळी घेतली. आता मागे फिरणं नव्हतं. मी निवडून आलो तर चळवळीत आमच्या माणसांची मान वर. नाही आलो तर ‘साहेबाची मेंढरं’ हे नाव कायमचं चिकटणार.

उमेदवारानं स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही, दुसऱ्यानं घ्यायचं, अशी रीत. माझं नाव मामीनं घेतलं. मामाचं कडेच्या घरातल्या आजीनं. मामी म्हणाली, “दोनी बी माझ्याच घरचे. कुणी बी आला तरी तांब्या घासायचा मलाच हाये.” मामाला राग आला असेल असं वाटून मी त्याच्याकडे पाहिलं. तो खुशीत होता. “लढ की,” म्हणाला, “इतकी वर्सं येकटाच उभा राहून भिंतीचे पोपडे मोजून राह्यलो. आता सोबत झाली.”

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. प्रचार कसा करायचा हे मला पाठ होतं. घरोघर जायचं, हात जोडायचे, आपलं म्हणणं मांडायचं, दाणा मागायचा. निवड शनिवारी होती आणि दुसऱ्या दिवशी रविवारी वर्षातून एकदा येणारं प्रभुभोजन, म्हणजे सगळ्यांनी ख्रिस्ताच्या नावानं एक भाकर वाटून खायची उपासना. सोमवारी सकाळी मी धुतलेला सदरा घातला आणि पहिल्या घरी गेलो. कडेच्या आजीचंच. म्हटलं, शत्रूच्या गोटापासून सुरुवात करू.

“आजी, एक विनंती घेऊन आलोय.”

आजीनं माझ्याकडे पाहिलं, मग धुतलेल्या सदऱ्याकडे. तिचे डोळे भरून आले. “बस, लेकरा. पाणी पी. जाऊ दे. माफ केलं.”

“काय माफ केलं?”

“ते तुझं तुला ठाव.”

“अहो पण मी काय केलं?”

“म्या न्हाई इचारणार. इचारलं की माफी कच्ची राह्यते.”

म्हातारीचं वय झालं असं समजून मी पुढे गेलो. पुढचं घर हलगी वाजवणाऱ्या काकांचं. मी हात जोडले मात्र, काका ओरडलेच, “म्हंजी माझी कोंबडी तूच नेल्ती व्हय!”

“नाही हो काका!”

“आता कबूल कराया आला न् न्हाई म्हणू राह्यला? ये, गळ्याला लाग. गेली ती गेली. लई अंडी द्यायची पर.”

त्यांनी मला छातीशी असं दाबलं की माझं भाषण आतच राहिलं. तिसऱ्या घरी तर उलटच झालं. मी तोंड उघडायच्या आत घरधनी खाली मान घालून म्हणाला, “खरं तर म्याच येणार व्हतो तुझ्याकडं. तू दिलेले कागद म्या तंबाखू बांधायला घेतले. पाठची बाजू कोरी व्हती. मला माफ कर.”

आता याला माफ करायचं की सोलून काढायचं? माझ्या पत्रकातली सगळी ‘जबाबदार राज्यपद्धती’ याच्या तंबाखूभोवती गुंडाळलेली! तरी मी “केलं माफ” म्हणालो, कारण त्याच्या बायकोनं तोवर माझ्या हातात गूळ ठेवला होता.

असं बुधवारपर्यंत चाललं. प्रत्येक घरी पाणी, गूळ, डोळ्यांत पाणी. माझं म्हणणं कुणी ऐकून घेईना. हुजूर म्हटलं की लोक म्हणत, “व्हय व्हय, ते बी माफ.” आणि मी वळलो की मागे कुजबुज सुरू.

बुधवारी जेवताना मामीनं भाकरी माझ्या ताटात टाकायच्या ऐवजी हातातच धरून ठेवली. “खरं सांग. जालन्यात काय करून आलास?”

“काय?”

“सगळी वस्ती बोलू राह्यली. पोरानं लई मोठं पाप केलंय, घरोघर माफी मागत हिंडू राह्यला. येकाद्याचं येका घराशी वाकडं असतं, दोन घराशी असतं. सगळ्याच घरची माफी म्हंजी काय खून-बिन केला का बाबा?”

मामा भिंतीला टेकून हसत होता. इतका, की त्याला ठसका लागला. मग त्यानं सांगितलं. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात ज्याचं ज्याच्याशी बिनसलेलं असेल त्यानं त्याच्या दारात जाऊन माफी मागायची, ही आमच्या मंडळीची रीत. त्या आठवड्यात हात जोडून दारात येणाऱ्याला काय केलंस हे विचारायचं नाही. पाणी द्यायचं, गूळ द्यायचा, मिटवून टाकायचं. मी जालन्याला वाढलो, नाताळला, सुट्टीत आणि पत्रकं घेऊन एखाद्या रविवारपुरता तेवढा घरी. तो आठवडा मी कधी गावात पाहिलाच नव्हता. मोगलाईभर जुलमाच्या बातम्या गोळा करत हिंडणाऱ्या मला माझ्याच गल्लीतली रीत माहीत नव्हती!

“मग तू आधी का नाही सांगितलंस?” मी मामावर ओरडलो.

“मी तुझ्या इरोधात उभा हाये ना. मी कामून सांगू?” मग तो गंभीर झाला. “पर आता गप बस. येक शब्द बोलू नको. असा उमेदवार मंडळीनं कधी पायला न्हाई. घरोघर जाऊन नाक घासणारा! कालपासून लोक मलाच म्हणू राह्यले की असा माणूस वडील पायजे. बिलकुल निवडून येशील.”

मला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. जिंकणं एवढं जवळ होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं हे काही खोटं बोलणं नव्हे, असं कुठलाही वकील सांगेल. माझ्या मित्रानं तर पाठ थोपटली असती: चळवळीत असं चालतंच. पत्रकात दोनाचे चार मीही कधी लिहिले असतील. पण आजीनं डोळ्यांत पाणी आणून दिलेली माफी खिशात घालायची आणि तिच्या जोरावर तिचाच दाणा घ्यायचा? हे तर हुजुरांच्या कारभाऱ्यांसारखंच झालं. लोकांना एक समजू द्यायचं आणि आपण दुसरं उचलायचं.

शनिवारी मंडळी जमली. पाळक जालन्याहून आले होते. जवान शनिवारी येत नसे, त्याची हजेरी फक्त रविवारी. भिंतीकडे तोंड फिरवायच्या आधी मी म्हणालो, “मला बोलायचंय. मी तुमच्या दारात माफी मागायला आलो नव्हतो. दाणा मागायला आलो होतो.”

आजीनं पदर कानामागे सारला.

मग मागून हलगीवाले काका म्हणाले, “मंग कोंबडी?”

“कोंबडी मी नेली नाही!”

“मंग कुणी नेली?” काका सगळ्यांकडे वळून पाहू लागले, आणि एकदम असा हशा उठला की पाळकांना चष्मा काढून पुसावा लागला. आजी मात्र हसली नाही. “माझी माफी वाया गेली म्हणायची,” ती म्हणाली.

“आजी, ती राहू दे. पुढेमागे लागेल,” मी म्हणालो, आणि तेवढ्यात सगळं बोलून घेतलं. मला दाणे टाकलेत तर उद्यापासून हुजुरांसाठी प्रार्थना होणार नाही. जो आपल्याला विचारत नाही त्याच्यासाठी आपण देवाला का विचारायचं? ख्रिस्तानं राजवाड्यापुढे मान तुकवली नाही. मग आपण दर रविवारी का तुकवतो? माझं भाषण चांगलं झालं. ते मी आजही म्हणतो.

मामानं उत्तर दिलं ते बसल्या जागेवरूनच. “पोरगं खरं बोललं. दाणा गेला तरी चालंल म्हणून खरं बोललं, हे ध्यानात ठिवा. आता माझं आयका. ह्या तालुक्यात चार माणसं जमली की शिपाई दंडा घेऊन येतो. आपण इतके जण जमलो, बाया जमल्या, दाणे टाकून राह्यलो, कुणी हात लावत न्हाई. कामून? आपण रविवारी त्यायचं नाव घेतो म्हणून. नाव बंद केलं की परवा कुलूप. मंग तुमचा तांब्या बी घरात न् तुमी बी घरात. हे घर उघडं ठिवायला मी काय बी करीन. लाजायचं कामच न्हाई.”

“म्हणजे सौदा!” मी म्हणालो.

“सौदाच. तुला ह्याच्या परीस सस्ता मिळाला तर आण.”

हा सौदा मला तेव्हा पटला नाही. आजही पटत नाही. देवाच्या घराचं दार उघडं राहावं म्हणून देवाच्या घरात कुणाच्या मर्जीचं बोलायचं, तर ते दार उघडं कुणासाठी? पण हे सुचायला मला रविवार उजाडला.

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मामा पुटपुटला, “हा पोपडा माझा. तू तिकडचा घे.” पाठीमागे पावलं वाजत होती. ज्वारीचा दाणा पितळेत पडला की बारीक टिण् होतं. ते डावीकडे झालं की मामाचं, उजवीकडे झालं की माझं. सुरुवातीला उजवीकडे दोनचार झाले आणि माझी छाती फुगली. मग डावीकडे जे सुरू झालं ते पत्र्यावर गारा पडाव्यात तसं.

मामा निवडून आला. मला काही दाणे पडले, अगदीच लाज जावी इतके कमी नाहीत. मामीचा दाणा कुठल्या तांब्यात पडला ते तिनं आजवर सांगितलेलं नाही.

माझा शब्द मेला होता. जालन्याला गेल्यावर मित्राला काय सांगायचं, हे मनात घोळवत मी रविवारी उपासनेला बसलो. प्रार्थनेची वेळ आली. दाराशी जवान येऊन बसलेला होता. मामा उभा राहिला, आजारी माणसांची नावं घेतली, बाळंतिणीचं नाव घेतलं, आणि मग म्हणाला, “हुजुरांसाठीची प्रार्थना आजपासून माझा भाचा करंल.”

मी डोळे उघडले. मामाचे मिटलेले होते. चेहरा असा, की जणू तो त्या गावचाच नाही!

बघा काय केलं होतं त्यानं. मी गप्प बसलो तर जवान वर कळवणार, आणि कुलूप लागलं की खापर माझ्या डोक्यावर. प्रार्थना केली तर माझा शब्द माझ्याच तोंडानं मोडणार. सगळी वस्ती डोळे मिटून थांबलेली. शेवटी बायकांच्या बाजूनं मामीचा आवाज आला, “हुजूर राह्यलेत. आटप.”

मी उठलो. अंगाचा नुसता भडका झाला होता. म्हणालो:

“हे प्रभू, हैदराबादेत एक मोठा माणूस राहतो. त्याच्याकडे हिरे आहेत, तोफा आहेत, त्याच्या नावाचं नाणं आहे. पण त्याच्या दारात आम्हाला जाता येत नाही आणि तो कुणाच्या दारात जात नाही. त्याला बुद्धी दे. त्यानं या आठवड्यात घरोघर जावं. तालुकदाराला आणि तहसीलदाराला बरोबर घ्यावं, पाटलाला पुढे घालावं. परतूरला जावं, वाटूरला जावं, आमच्या वस्तीत यावं. आम्ही त्याला पाणी देऊ, गूळ देऊ, आणि काय केलंस हे विचारणार नाही. आणि मग प्रभू, त्याला भिंतीकडे तोंड करून उभा कर, आणि आमच्या हातात एकेक दाणा दे.”

आणि दाराशी बसलेला जवान, सवयीनं, मोठ्यानं म्हणाला, “आमीन!”

त्याच्या पाठोपाठ सगळी मंडळी जी ‘आमेन’ म्हणाली, त्यानं पत्रे हलले.

बाहेर पडताना जवान मला म्हणाला, “भोत लंबी दुआ करे भाई तुम. मामू तो जल्दी निपटाते थे. जमादार साब कू बोलतूँ मैं, छोकरा वफादार है.” तो सगळं समजून बोलत होता की काहीच न समजता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्यानं खरंच तसं कळवलं. पुढच्या आठवड्यात तहसिलीतून मामामार्फत मला शाबासकी आली! हुजुरांवरच्या निष्ठेबद्दल! मी! जालन्यात ही बातमी माझ्या आधी पोचली होती.

“शब्द दिला होतास,” मित्र म्हणाला.

“मोडला,” मी म्हणालो आणि प्रार्थना त्याला जशीच्या तशी ऐकवली. तो हसला, पण मनापासून नाही. “छान आहे. पण हे तू डोळे मिटून बोललास. सभेत उघड्या डोळ्यांनी बोलशील तेव्हा खरं.”

“सभेतही बोलतो. तिथे कोण ऐकतं? आमच्याच बाजूची माणसं. इथे त्यांचा माणूस दाराशी बसून ऐकतो.”

त्याला ते पटलं नाही. त्याचं नाव म्होरक्यांत, माझं गठुड्यात; त्यामुळे वाद तिथेच राहिला. मंडळीत मात्र हुजुरांचं खातं माझ्याकडे आलं ते आलंच. दर रविवारी मी त्यांच्यासाठी काहीतरी नवं मागायचो. कधी लाज मागायचो, कधी झोप न येणं मागायचो. मामा खातं परत घ्यायला तयार नव्हता. म्हणायचा, “माझ्या परीस तुझंच बरं जमू राह्यलं. राग हाये ना, त्यामुळं इसरत न्हाईस.”

मग लुटालुटीचं आणि जाळपोळीचं ते वाईट वर्ष आलं. त्याच्यावर मी पत्रकं लिहिली आहेत, इथे लिहीत नाही. आणि मग हिंदुस्थानचं सैन्य आत शिरलं, एका आठवड्यात हुजुरांचं राज्य गेलं. वाटूरच्या फाट्यावर झेंडे लागले. लोक नाचले, मीही नाचलो, हलगीवाल्या काकांची बोटं फुटेपर्यंत नाचलो. त्याच आठवड्यात वाटूरच्या मुसलमान मोहल्ल्यात घरंही जळाली. ते करणाऱ्यांच्या हातातही तेच झेंडे होते. हेही मी लिहिणारच, कारण इतर कुणी लिहायला तयार नाही.

त्यानंतरच्या रविवारी मित्र आमच्या गावात आला. मोटारीतून, गळ्यात हार. आता तो जिल्ह्यातला मोठा माणूस होता. प्रार्थनाघरात येऊन पुढे बसला, आणि मला खरंच आनंद झाला. जवानही आला. अंगावर वर्दी नव्हती. मळका सदरा, दाढी वाढलेली. तो दाराशी नेहमीच्या जागी बसायला लागला, पण रस्त्यावरून दिसेल म्हणून पुन्हा उठला. कुठे बसावं हे त्याला कळेना. वस्तीतल्या काहींनी तोंड फिरवलं. मामी उठली, त्याच्या दंडाला धरून तिनं त्याला आत आणलं आणि म्हाताऱ्या बायकांच्या मागे बसवलं. “गुमान बस,” म्हणाली.

मामानं माझ्याकडे मान हलवली. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना. मित्र प्रसन्न होऊन माझ्याकडे बघत होता. आभाराची प्रार्थना होणार, हे त्यानं गृहीत धरलं होतं, आणि खरं सांगतो, मीही आभाराचीच ठरवून आलो होतो. पण जवान समोर बसलेला. मी डोळे मिटले आणि म्हणालो, “हे प्रभू, हुजूर गेले याबद्दल तुझे आभार. आता आमच्या नव्या धन्यांना बुद्धी दे. त्यांना दारोदार जाऊ दे. जळालेल्या दारांपासून सुरुवात करू दे. तिथे त्यांना कुणी पाणी देवो न देवो.”

‘आमेन’ झालं, पण विस्कळीत. काही म्हणाले, काही नाही.

बाहेर मित्र मोटारीशी उभा होता. हार काढून त्यानं हातात घेतला होता. “हुजुरांची प्रार्थना आणि आमची प्रार्थना एकच?”

“शब्द थोडे बदललेत.”

“ही प्रार्थना बंद करायचा शब्द तू मला दिला होतास. आता बंद करायला हरकत काय आहे? आता तर आपलंच राज्य आहे.”

“म्हणूनच.”

“तू आमच्यातला आहेस की नाही, एवढं सांग.”

“तुमच्यातला आहे म्हणून तर तोंडावर म्हटलं. चल, वाटूरला जाऊ. तुझी मोटार आहे. मी येतो बरोबर, मामा येईल.”

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. परतूरला सभा होती म्हणे, उशीर होत होता. जाताना त्यानं मामाचे पाय शिवले. मामा म्हणाला, “येत जा, साहेब.” त्यानं मामाच्या तोंडून पहिल्यांदाच ‘साहेब’ ऐकलं असावं. तो जरा अवघडला, पण मोटार परतूरकडेच गेली.

पंधरा दिवसांनी जालन्याहून निरोप आला. चळवळीच्या समितीतून माझं नाव कमी केलं होतं. कारण दिलं नव्हतं. मी ओट्यावर बसून शिव्या घातल्या, ख्रिस्ती आणि बिनख्रिस्ती, सगळ्या. मामानं त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.

“लई राग आला?” त्यानं विचारलं.

“आला. बिलकुल आला. पत्रक लिहिणार आहे. त्याचं नाव घालून लिहिणार!”

“लिही की. खर्च मी देतो. पर रविवारी बी त्याचं नाव घ्यावं लागंल, बराबर? धनी झाला ना आता तो.”

घेतो. दर रविवारी घेतो. दातओठ खाऊन घेतो, पण गाळत नाही.